झाडलेली झाडी

बॅग माणसाच्या आधी पोहोचते. जपानमध्ये गोल्फला निघालेला माणूस दहा-बारा किलोंचं ओझं खांद्यावर घेऊन सकाळच्या गाडीत शिरत नाही. दोन-तीन दिवस आधी तो कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात जातो, बॅगेवर पावसाळी कव्हर चढवतो, गोल्फसाठीचा वेगळा फॉर्म मागून घेतो आणि त्यावर क्लबचं नाव, खेळाची तारीख, पहिल्या फटक्याची वेळ नि स्वतःचं नाव लिहितो. चूक होते ती फॉर्ममध्ये. साध्या पार्सलचा फॉर्म भरून पोहोचवण्याची तारीख म्हणून खेळाचाच दिवस टाकला, तर बॅग दुपारी तीनलाही येऊ शकते. तोवर मालक भाड्याचे क्लब, म्हणजे फटका मारायच्या काठ्या, घेऊन पंधराव्या होलवर, म्हणजे मैदानाच्या अठरापैकी पंधराव्या टप्प्यावर. गोल्फचा फॉर्म असला की बॅग आदल्या दिवशी पोहोचेल असा हिशेब धरला जातो. नावही आरक्षणाचंच हवं, कारण क्लबच्या दारात शंभरेक बॅगा नावं पाहूनच ओळीने लावलेल्या असतात. बूट, चेंडू, छत्री, सगळं त्या बॅगेत घालावं आणि हात हलवत निघावं.

हात हलवत निघालं तरी स्टेशन चुकतं. टोकियोच्या मधोमध, सरकारी कचेऱ्यांच्या वस्तीत, मेट्रोचं कासुमिगासेकी आहे. आणि इकेबुकुरोहून वायव्येला जाणाऱ्या तोबू तोजो लाइनवर, कावागोए शहरात, दुसरं कासुमिगासेकी आहे. टोकियो ऑलिम्पिकचं गोल्फ झालं ते या दुसऱ्याच्या बाजूचं. बोलताना नाव तेच, मधलं अंतर तासाभराचं. खेड्याकडच्या बहुतेक क्लबांची बस जवळच्या स्टेशनावरून सकाळी दोन-तीनदाच सुटते, तिची जागाही फोनवर आधी सांगून ठेवावी लागते. ती हुकली तर टॅक्सीचे पैसे दुपारच्या जेवणापेक्षा जास्त.

जपानी माणूस गोल्फच्या मैदानांची जात जमिनीवरून सांगतो: डोंगरातलं, टेकड्यांवरचं, नदीकाठचं, समुद्राकाठचं आणि 'रिंकान', म्हणजे झाडांच्या मधलं. रिंकान म्हटलं की बोलणाऱ्याचा आवाज थोडा आदराचा होतो. जमीन बहुतेक सपाट, प्रत्येक होलच्या दोन्ही अंगांना उंच झाडांची भिंत, शेजारच्या होलवरचा माणूस दिसत नाही, नुसता ऐकू येतो. साइतामा, चिबा, इबाराकी, तोचिगी या टोकियोच्या भोवतालच्या प्रांतांत अशी मैदानं पुष्कळ आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, वा, जंगल राखून त्यात मैदान बसवलंय. ते जंगल नव्हे, हे कळायला खाली बघावं लागतं. बुंध्यांमध्ये झुडूप नाही, वेली नाहीत. जमीन एखाद्या वाड्याच्या अंगणासारखी साफ.

हे साफ असणं गोल्फच्या आधीपासूनचं. कावागोएच्या दक्षिणेला सान्तोमे नावाची वसाहत आहे. कावागोएचा सरदार यानागिसावा योशियासु याने १६९४ ते १६९६ च्या दरम्यान ती पाडली. ज्वालामुखीच्या राखेची हलकी, कोरडी माती, वाऱ्याबरोबर उडणारी, पाणी खोल. तिथे प्रत्येक कुटुंबाला जमिनीची एक लांबच लांब पट्टी मिळाली, रुंदी सुमारे ७२ मीटर, लांबी सुमारे ६७५ मीटर. रस्त्याकडे घर, मध्ये शेत आणि मागच्या टोकाला झाडी. ही झाडी लावलेली: कोनारा आणि कुनुगी हे दोन ओक आणि आकामात्सु, म्हणजे लाल पाइन. ओक पंधरा-वीस वर्षांनी बुडातून तोडायचा, लाकूड जळणाला नि कोळशाला. खोडाला पुन्हा धुमारे फुटतात, पुन्हा पंधरा वर्षं. आणि दर हिवाळ्यात पाचोळा झाडून काढायचा, टोपल्यांत चेपून भरायचा, कुजवायचा आणि शेतात घालायचा. कुजणाऱ्या पाचोळ्याच्या उबेवर रताळ्याची रोपं धरायची. कावागोएची रताळी त्यावर नावारूपाला आली. जमीन सपाट असली तरी या झाडीला तिथले शेतकरी 'यामा' म्हणतात, म्हणजे डोंगर. तीनशे वर्षं लोक हा डोंगर झाडत आले. मुसाशिनोच्या, म्हणजे याच भागाच्या, या पाचोळा-शेतीला २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला.

मराठीत झाड आणि झाडणं हे शब्द शेजारी बसतात, ते इथे नुसते शेजारी नाहीत. झाडलं म्हणून ही झाडी राहिली. पाचोळा उचलला नाही की माती सकस होत जाते, आणि लाल पाइनला सकस माती मानवत नाही. तो गरीब जमिनीचा गडी. खाली बुटका बांबू माजतो, सावलीतली सदाहरित झाडं वर येतात आणि पाइन हळूहळू हरतो. गॅस आला, रासायनिक खत आलं, तशी शेतकऱ्याला जळणाची नि पाचोळ्याची गरज उरली नाही. मग आता एवढी झाडी झाडतो कोण? एक म्हणजे हौशी स्वयंसेवक आणि मूठभर शेतकरी. दुसरा गोल्फ क्लब, तोही चेंडू सापडावा एवढ्यासाठी.

दारातली पद्धत भरभर उरकू. गळ्याची कॉलर हवी, जीन्स आणि सपाता नकोत. जुन्या क्लबांत उन्हाळा सोडून कोट अपेक्षित असतो. काउंटरवर नाव-पत्ता लिहायचा, लॉकरची किल्ली घ्यायची. त्या किल्लीचा क्रमांक हेच दिवसभराचं खातं: चहा, चेंडू, जेवण सगळं त्यावर लिहिलं जातं आणि शेवटी यंत्रापुढे एकदम फेडायचं. पाकीट वेगळ्या छोट्या तिजोरीत, स्वतःचा चार आकडी क्रमांक टाकून. बिलात एक ओळ गोल्फ मैदान वापरण्याच्या कराची असते, दिवसाला जास्तीत जास्त १,२०० येन; १८ च्या आतल्यांना आणि ७० च्या पुढच्यांना माफ. त्यातले सात-दशांश त्या गावाच्या नगरपालिकेला मिळतात, म्हणून डोंगराळ गावं हा कर रद्द करायला कडाडून विरोध करतात. न्हाणीघर मोठं असतं. आधी बसून अंग घासून घ्यायचं मग गरम पाण्यात उतरायचं, पंचा पाण्यात बुडवायचा नाही, आणि अंगावर गोंदण असेल तर बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत.

पहिल्या टीवर, म्हणजे होल जिथून सुरू होतो त्या जागी, एक स्टीलचं नळकांडं असतं आणि त्यात चार काड्या. काडीच्या बुडाशी एक ते चार रेघा कोरलेल्या. ओढायची, ज्याच्या वाट्याला जी रेघ आली त्या क्रमाने मारायचं. चौघांत एक कॅडी, म्हणजे खेळाडूंची मदतनीस, बहुधा मध्यमवयीन बाई, टोपीला मागे मानेपर्यंत कापड शिवलेलं. पाच जणांची बसायची विजेची गाडी जमिनीत पुरलेल्या तारेच्या मागाने आपली आपण जाते. कॅडीच्या कमरेला तिचं रिमोट. म्हणून गाडी फक्त रस्त्यावरच चालते, आणि चेंडूपर्यंत जाताना दोन-तीन क्लब हातात घेऊन निघायचं असतं. नवखा माणूस एकच घेऊन जातो आणि पुन्हा परत येतो. वेळ तिथे जातो, फटक्यात नाही.

कॅडी सांगते ती दिशा झाडाची असते: "त्या दोन पाइनमधल्या डाव्या पाइनची उजवी कड." रिंकानमध्ये फेअरवेचा, म्हणजे मधल्या कातरलेल्या गवताच्या पट्ट्याचा, मध्य ही निरुपयोगी माहिती. पुढच्या फटक्याला कोणत्या बाजूने ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कातरलेलं गवत, मोकळं दिसेल, यावर पहिला फटका ठरतो. झाडाखालून नाही तर झाडावरून जाईन म्हणणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की लाल पाइनच्या फांद्या वरच्या तिसऱ्या हिश्शात असतात. खालचं सगळं खोड मोकळं, नारिंगी सालीचं. त्यामुळे खालून वाट पुष्कळदा असते. वरून क्वचितच.

चेंडू झाडीत गेला. आता काय? आधी उभं राहून मागे वळावं. झाडांच्या भिंतीकडे पाहताना पुढची फट मोठी दिसते, कारण आपल्याला ग्रीन हवं असतं. फेअरवेच्या बाजूला, आडवं, जी फट आहे ती जवळजवळ नेहमी त्याहून मोठी. दहापैकी सात वेळा जमेल असं वाटलं तरच पुढची फट धरावी. दोन-तीन वेळा जमणारा फटका मारायला जाणारा माणूस खोडावर चेंडू आपटून मूळ जागेच्याही मागे जातो आणि सहा फटक्यांचे आठ होतात. आडवं निघायचं तर सहा किंवा सात नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी क्लब, घ्यावं, चेंडू उजव्या पायासमोर, हात चेंडूच्या पुढे, मनगट न मोडता कमरेपर्यंतच मागे आणि कमरेपर्यंतच पुढे. चेंडू गुडघ्याच्या उंचीने निघतो. मारण्याआधी एकदा मोकळा हात फिरवून मागे फांदी लागते का बघावं. पण तेव्हा फांदी मोडली आणि त्यामुळे हात फिरवायला जागा झाली तर दोन फटक्यांचा दंड.

पाइनच्या सुया हा वेगळाच प्रकार. लाल पाइनची सुई एकटी नसते, दोन सुया बुडाशी एका इवल्याशा तपकिरी टोपणात अडकवलेल्या, चिमट्यासारख्या. अशा हजारो चिमट्यांची गादी जमिनीवर असते नि चेंडू त्यावर तरंगतो. सुया सैल असतात, बाजूला करता येतात. पण एक ओढली की तिच्यात अडकलेली दुसरी, दुसरीत तिसरी, आणि चेंडू अर्धा इंच हलतो. एका फटक्याचा दंड, आणि चेंडू परत जागेवर. म्हणून चेंडूजवळच्या हातभर जागेतल्या सुयांना हातच लावू नये. क्लबही जमिनीवर टेकवू नये, हवेत धरावा, आणि चेंडूच्या खालची जमीन नव्हे तर चेंडूचीच कंबर बघून मारावा. सुयांत खोल गेलेला क्लब घसरतो.

नोव्हेंबरच्या अखेरीस ओक झडतात आणि खेळाचं रूपच पालटतं. शोधायला नियमाने तीनच मिनिटं. २०१८ अखेरपर्यंत पाच होती. पाचोळ्याच्या ढिगात गेलेला चेंडू सगळ्यांनी जाताना पाहिला असला तरी सापडला नाही म्हणजे हरवला, असा मूळ नियम. क्लबने स्थानिक नियम लावला असेल तर गोष्ट वेगळी: चेंडू ढिगातच गेला हे जवळजवळ नक्की असेल तर दंडाशिवाय सुटका. असा नियम आहे का ते फटके लिहायच्या कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं, आणि ते कोणी वाचत नाही. पिवळा-नारिंगी चेंडू या दिवसांत पानांसारखाच दिसतो. पांढरा बरा, भडक गुलाबी उत्तम. मैदानावरचे लोक पहाटे पाचपासून पाठीवरच्या यंत्रांनी पानं उडवत असतात, आधी ग्रीन, मग टी, मग फेअरवे, आणि सगळं फुंकून झाडीच्या कडेला. तिथून ते यंत्राने ओढून न्यायचं. हे उचलणं राहिलं की ढीग तिथेच कुजतो आणि पुढच्या वर्षी तिथे बांबूचे कोंब.

वसंतात वेगळी तऱ्हा. आपल्याकडे सुगी म्हणजे धान्य घरी येण्याचे दिवस. तिथे सुगी हे एका उंच, सरळसोट वृक्षाचं नाव, आणि फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत त्याचे पिवळे पराग ढगासारखे उडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाच्या टंचाईत डोंगरच्या डोंगर सुगीने भरून टाकले, त्याची शिंक आज सगळा देश शिंकतो. त्या दिवसांत चौघांपैकी दोघे तरी मास्क लावून खेळतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने मार्च टाळावा हे बरं.

आता ग्रीन. एका होलला दोन ग्रीन पाहून बाहेरचा माणूस गोंधळतो. समोर एक झेंडा, त्याच्या शेजारी वीस-तीस यार्डांवर दुसरं, तसंच गोल, तसंच कातरलेलं, पण भोक नसलेलं. कारण हवामान. ग्रीनला सगळ्यांत चांगलं गवत बेंट, पण ते थंड देशाचं. पंधरा ते चोवीस-पंचवीस अंशांत खुलतं आणि टोकियोच्या आसपासच्या पस्तीस अंशांच्या दमट उन्हाळ्यात मुळं आखडून मरतं. तिथलं अंगचं गवत कोराई. ते उन्हाळ्यात तरारतं आणि थंडी पडली की झोपी जातं, रंग वाळल्या भातपेंढ्यासारखा. मग दोन्ही ठेवायची: उन्हाळ्यात कोराईचं ग्रीन, एरवी बेंटचं, आणि एक चालू असताना दुसऱ्याला विश्रांती. पेनक्रॉस नावाचं बेंटचं वाण १९५० च्या दशकात आलं, पुढे आणखी काटक वाणं आली, तशी ही गरज कमी होत गेली आणि पुष्कळ क्लबांनी दोन्ही ग्रीनला बेंट लावलं किंवा एकच मोठं ग्रीन केलं. पण दोनाची सवय टिकली आहे.

त्याचे व्यवहारात दोन परिणाम. ग्रीन लहान, कारण जागा दोघांत वाटलेली. त्यामुळे अंतर अचूक हवं. आणि वाटेवरच्या खुणांवरचे १५०, १०० यार्ड हे बहुधा एकाच ग्रीनच्या मध्यापर्यंतचे असतात. आज दुसरं चालू असेल तर कॅडीला विचारून पाच-दहा यार्ड वजा-अधिक करायचे. चेंडू बंद ग्रीनवर पडला तर तिथून मारायचाच नाही. तशी मुभाही नाही. जवळच्या अशा जागी यायचं जिथे चेंडू, पाय नि हात फिरवणं या तिन्हीला ते ग्रीन आड येत नाही, भोकाच्या जवळ न जाता, आणि तिथून एका क्लबच्या लांबीत चेंडू सोडायचा. दंड नाही. तिथूनच मारला तर दोन.

कोराईवर पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायचा क्लब, धरणं हा धडा वेगळा घ्यावा लागतो. या गवताची पाती जाड, ताठ आणि एका दिशेने झोपलेली. चेंडूमागे बसून पाहावं: गवत काळपट दिसलं तर पाती आपल्याकडे तोंड करून आहेत, चेंडू अडणार, पांढुरकं चमकलं तर पाती पलीकडे, चेंडू पळणार. जपानीत पहिलं ग्याकुमे, दुसरं जुनमे. खात्री करायची तर भोकापाशी जाऊन कड बघावी. एका बाजूची कड कातरलेली, स्वच्छ असते. दुसरी कुरतडल्यासारखी, तपकिरी. ज्या बाजूला कुरतडलेली, त्या बाजूला गवत वाढतंय. दीड मीटरवरून उतार डावीकडे नि पाती उजवीकडे असतील तर चेंडू सरळ जाऊ शकतो, आणि बेंटवर वाढलेला खेळाडू त्यावर विश्वास ठेवत नाही. ग्याकुमेत हळुवार ढकललेला चेंडू शेवटच्या हातभरात भलतीकडे वळतो. तिथे भोकाच्या मागच्या कडेवर आपटेल इतका जोर हवा.

ग्रीनच्या तोंडाशी, बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, नसलेली जी उघडी वाट असते तिला हानामिची म्हणतात. हा शब्द काबुकी रंगभूमीचा: प्रेक्षकांमधून रंगमंचाकडे जाणारा नटांचा मार्ग, अक्षरशः फुलांची वाट. खेळाच्या तिथल्या बोलीत असे शब्द खूप आहेत. टीवरून सरळ वर उडालेल्या चेंडूला तेम्पुरा म्हणतात, कारण जपानीत वर जाणं आणि तळून निघणं यांचा उच्चार एकच, 'आगारु'. हानामिचीचा खरा उपयोग जानेवारीच्या सकाळी. दहिवर गोठून ग्रीन लाकडी पाटासारखं झालेलं असतं. थेट ग्रीनवर टाकलेला चेंडू डोक्याएवढा उसळून मागच्या झाडीत जातो. पंधरा-वीस यार्ड अलीकडे टाकून घरंगळत नेणं हाच मार्ग. दहा-अकरापर्यंत वरचा थर वितळतो, पण ज्या ग्रीनच्या पूर्वेला नि दक्षिणेला उंच झाडं आहेत ते दुपारपर्यंत गोठलेलंच. इथे झाडी आणि ग्रीन यांचं जुनं भांडण आहे. ग्रीनला सकाळचं ऊन आणि वारा हवा. झाडी दोन्ही अडवते. रिंकान मैदानाचा ग्रीनकीपर दर हिवाळ्यात करवत घेऊन उभा असतो आणि जुने सभासद त्याला अडवत असतात. चांगला ग्रीनकीपर गवताचा माणूस असतो खरा, पण त्याचं वर्षभरातलं अवघड काम झाडांच्या बाबतीतलंच.

कासुमिगासेकी कंट्री क्लबचं पूर्व मैदान १९२९ चं, फुजिता किन्या यांनी आखलेलं. १९३० च्या अखेरीस चार्ल्स अ‍ॅलिसन हा इंग्रज आखणीकार जपानला आला, काही महिने राहिला आणि इथे फेरबदल सुचवून गेला; ह्योगो प्रांतातलं हिरोनो मैदान (१९३२) त्याचंच. माणूसभर खोल, वरच्या कडेला गवताचा ओठ असलेले बंकर त्याने दाखवले, आणि जपानी खेळाडू आजही तशा बंकरला अ‍ॅलिसनच म्हणतात. १९५७ मध्ये याच कासुमिगासेकीत कॅनडा कप, म्हणजे देशोदेशीच्या जोड्यांची स्पर्धा, झाला. नाकामुरा तोराकिची आणि ओनो कोइची या जोडीने स्नीड आणि डेमॅरेट यांच्या अमेरिकी जोडीला हरवलं, टीव्हीवर ते दिसलं आणि देशाला गोल्फचं वेड लागलं. ऑलिम्पिकच्या तयारीत टॉम फॅझिओ आणि लोगन फॅझिओ यांनी दोन ग्रीन मोडून एक केलं. त्याच तयारीत आणखी एक गोष्ट उघड्यावर आली: या क्लबात स्त्रियांना पूर्ण सभासदत्व नव्हतं. बरीच टीका झाल्यावर मार्च २०१७ मध्ये नियम बदलला. २०२१ च्या जुलैअखेरीस तिथे पुण्याचा उदयन माने खेळला. आणि ऑगस्टमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदकापासून एका फटक्यावर. त्या सकाळी आपल्याकडे गोल्फ न कळणारी घरंही टीव्हीपुढे बसली होती.

नऊ होल झाले की जेवण. हे ऐच्छिक नाही. मैदानाचे दोन अर्धे असतात, सकाळी लोक दोन्हीकडून सात-आठ मिनिटांच्या अंतराने सुटतात आणि मध्यावर अदलाबदल होते. समोरचा अर्धा रिकामा होईपर्यंत थांबणं भाग. तो पाऊण-एक तास म्हणजे जेवणाची सुट्टी. न थांबता अठरा होल देणारे क्लब आहेत, पण थोडे. शाकाहारी माणसाची इथे पंचाईत: सोबा नूडल्सच्या पाण्यात सुक्या मासळीचा अर्क, करीच्या मसाल्यात बहुधा प्राण्यांची चरबी. आरक्षण करतानाच सांगून ठेवलं तर साधा भात, लोणचं, सॅलड, तळलेल्या भाज्या असं काहीतरी जमवतात. डबा नेणं मात्र बहुतेक क्लबांना चालत नाही. डिसेंबरात टोकियोकडे साडेचारला सूर्य मावळतो, म्हणून उशिराची वेळ घेणाऱ्याने दुसरी बिअर मागवू नये.

दुपारच्या तिरप्या उन्हात झाडांच्या खोडांवरच्या खुणा दिसायला लागतात. पाइनच्या बुंध्यावर छातीच्या उंचीला क्रमांकाची पट्टी, खाली बोटभर भोकं बुजवलेली. हे इंजेक्शन. पाइनमध्ये एक मिलिमीटरभर लांबीचा सूत्रकृमी शिरतो, एका लांब मिशांच्या भुंगेऱ्याच्या अंगावरून. भुंगेरा कोवळी साल खातो, कृमी जखमेतून आत उतरतो, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद पडतात आणि भर उन्हाळ्यात हिरवं झाड काही आठवड्यांत तांबडं होतं. हा कृमीच कारण, हे जपानी संशोधकांनी १९७१ मध्ये दाखवलं. औषध थंडीत खोडात सोडायचं, एका झाडाला काही वर्षं पुरतं. मेलेलं झाड मात्र पुढच्या उन्हाळ्याआधी, आतले भुंगेरे बाहेर पडण्याआधी, तोडून चिरून किंवा जाळून टाकायलाच हवं. एक राहिलं तर भोवतालची पुढच्या वर्षी. ओकची कथा अशीच: पाच मिलिमीटरचा भुंगेरा खोड पोखरतो, सोबत बुरशी नेतो, बुंध्याशी पिठासारखा भुसा साचतो. आणि तो पसंत करतो ते जाड, म्हातारे ओक, म्हणजे जे पंधरा-वीस वर्षांनी तोडायचे होते आणि तोडले गेले नाहीत ते.

म्हणून गोल्फने झाडी वाचवली असं म्हणावंसं वाटतं, पण ते पुरतं खरं नाही. १९८७ चा रिसॉर्ट कायदा आला, पैसा स्वस्त होता, आणि डोंगर सपाट करून मैदानं पाडण्याची लाट आली. सभासदत्वाची कागदपत्रं शेअरसारखी विकली जात. गावोगाव लोक उभे राहिले, तोडलेल्या जंगलासाठी आणि विहिरीत उतरणाऱ्या कीटकनाशकांसाठी. १९९० मध्ये सरकारला मैदानातून वाहणाऱ्या पाण्यातल्या औषधांच्या मर्यादा ठरवाव्या लागल्या. जमिनी नि शेअरच्या भावांचा फुगा फुटल्यावर क्लब बुडाले, सभासदांच्या ठेवी अडकल्या. काही मैदानांवर आज सौरपट्ट्या आहेत: जमीन सपाट, रस्ता नि वीजजोडणी तयार. काही नुसतीच सोडून दिलेली. सोडलेल्या मैदानावर आधी सुसुकीचं उंच गवत येतं, चार-पाच वर्षांत त्यात पाइनची रोपं, आणि बांबू कडेकडेने आत. रानडुकरं आधीच आलेली असतात. चालू मैदानातही ती रात्री फेअरवे नांगरल्यासारखा उलथतात, गांडुळांसाठी. कावळे गाडीतल्या पिशव्या उघडतात, चेंडूही पळवतात. झुडपाशी 'मामुशी' अशी पाटी दिसली तर ते सापाचं नाव आहे, विषारी, आणि एका चेंडूसाठी तिथे हात घालू नये.

कॅडीच्या गाडीला वाळूच्या पिशव्या टांगलेल्या असतात. फटक्याने गवताचा तुकडा उडाला की त्या खड्ड्यात वाळू ओतायची नि बुटाने सपाट करायची, गवताच्या पातळीच्या किंचित खालीच; उंच राहिली तर कापणाऱ्या यंत्राची पाती बोथट होतात. प्रत्येकाने करायचं, पाहुण्यानेही. मैदानावर कुठे कुठे झाडाखाली दगडी पाटी दिसते: तारीख, होलचा क्रमांक, एका फटक्यात भोक गाठणाऱ्याचं नाव. तिथे असं घडलं की ज्याने ते केलं त्यानेच मेजवानी, भेटवस्तू, कॅडीला बक्षीस द्यायचं आणि क्लबात एक झाड लावायचं. त्या खर्चासाठी विमा मिळतो, नि साक्षीदाराची सही नसेल तर पैसे मिळत नाहीत. अलीकडे बरेच क्लब झाड नको म्हणतात. लावायला जागा नाही, आणि ग्रीनकीपरला सावली नको.

अठरावं संपलं की कॅडी चारही बॅगा उभ्या करून क्लब मोजते, खेळाडू कागदावर सही करतो. बॅग परत पाठवायचा फॉर्म क्लबातच. क्लबच्या दाराशी भिंतीला रबरी नळ्या टांगलेल्या असतात, टोकाला हवेची बंदूक. पाय वर करून बुटाच्या तळावर धरायची, मग पँटच्या घडीत. गवत, वाळू, ओकच्या पानाचे तुकडे फुस्स करून जाळीत पडतात. तळाच्या खिळ्यांमध्ये पाइनची सुई मात्र तशीच राहते. दोन टोकं दोन खिळ्यांना धरून, मध्ये टोपण. ती वाकून बोटांनीच काढावी लागते.